मोठा अहीर सापडला म्हणजे भीमेत अहीर वाढले का?

दादा, तुमचे फोटो पाहिले आणि बोलून पाठवलेला प्रश्नही दोनदा ऐकला. बाकीच्यांना धागा कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. सोलापूरजवळ भीमेवरच्या औजच्या बंधाऱ्याखाली पुराच्या पाण्यात, ओढ्याच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात तुम्हाला पावणेचार फुटांचा अहीर सापडला. चिरला तर पोट रिकामं आणि आतडं सुतळीएवढं. शिजवला तर रश्श्यावर बोटभर तेल. तुमचे आजोबा एका पावसाळ्यात असे पंधरा-वीस धरायचे, तुम्हाला मात्र पाच वर्षांत हा पहिलाच. तुमचा अंदाज असा की पाऊसपाणी सुधारलं आणि अहीर परत यायला लागले. मग मच्छीमार संस्थेतर्फे अहिराचं बी (म्हणजे पिल्लं) आणून सोडलं तर चिलापीपेक्षा (तिलापिया माशापेक्षा) चार पैसे जास्त सुटतील का, हा दुसरा प्रश्न.

बियाचं उत्तर सोपं आहे, ते शेवटी देतो. आधी तुमचा अंदाज. तुम्ही सांगितलेली प्रत्येक खूण, म्हणजे रिकामं पोट, बारीक आतडं, तेल, पुराची वेळ, नेमकी उलटी गोष्ट सांगते. तुमचा अहीर येत नव्हता, चालला होता.

त्याआधी मासा ओळखूया, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. भीमेवर लांबुळक्या, सापासारख्या माशाला सरसकट वाम म्हणतात. खरी वाम म्हणजे जिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते आणि नाकाचा शेंडा मांसल, पुढे आलेला असतो. पाठीवरून उलटा हात फिरवला की बोटाला टोचते. ती नदीतच जन्मते आणि नदीतच मरते. उजनीत ती अजूनही मिळते, भिगवणच्या बाजारात पाहायला मिळेल. अहीर म्हणजे इंग्रजीतला ईल, त्याच्या पाठीवर काटे नसतात. पाठीवरचा पर मऊ, सलग, शेपटीला वळसा घालून पोटाखाली येतो, आणि गालफडामागे दोन छोटे गोल पर असतात. अंगावर शेवाळी-तपकिरी ठिपक्यांची नक्षी. (मुंबईच्या बाजारात वाम मागितलीत तर पिशवीत समुद्रातला तिसराच मासा पडेल, तो सोडून द्या.) तुमचा फोटो अहिराचाच आहे, शंका नाही. पण ‘यंदा अहीर लई निघाले’ असे जे निरोप मला येतात, त्यांतल्या बऱ्याच फोटोंत वामच असते.

आता अहिराचं गणित बाकी माशांसारखं का नाही, ते सांगतो. रोहू, कटला, मरळ यांची पिल्लं गोड्या पाण्यातच होतात. अहीर अंडी घालायला समुद्रात जातो, तेही खोल समुद्रात. घालतो ती एकदाच, आणि तिथेच मरतो. अंड्यातून निघणारं पिल्लू माशासारखं दिसतही नाही. पिंपळाचं पान जाळीदार होतं तसं चपटं, पारदर्शक पान असतं ते. प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याकडे येतं, तिथे ते काचेच्या दोऱ्यासारखं बारीक होतं. त्या अवस्थेत युरोपातल्या जातीची एका किलोत तीन हजारांच्या आसपास पिल्लं बसतात. मग ते नदीत शिरतं, रंग धरतं, वर चढतं आणि वर्षानुवर्षं एखाद्या डोहात, कपारीत राहतं. एक दिवस अंगात काहीतरी बदलतं. डोळे मोठे होतात, कातडी जाड होते, खाणं थांबतं, आतडं आक्रसतं. अंगात साठवलेली चरबी हीच पुढच्या प्रवासाची शिदोरी. गढूळ पाणी, काळोखी रात्र, जोराचा लोट मिळाला की तो निघतो.

म्हणूनच तो तुम्हाला गळाला न लागता जाळ्यात सापडला. निघालेला अहीर आमिषाकडे बघत नाही.

गूढ म्हणून लोक हे फार रंगवून सांगतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: हे कळायला माणसाला फार उशीर लागला. चिखलातून आपोआप निपजतो असं ॲरिस्टॉटल मानत होता. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड विद्यार्थी असताना, १८७६ साली, ट्रिएस्ट बंदरात चारेकशे ईल चिरत बसला होता, नराची वृषणं शोधत. योहान्स श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०४ पासून जवळजवळ वीस वर्षं अटलांटिकमध्ये जाळी ओढली, सर्वांत लहान पिल्लं कुठे मिळतात ते पाहत गेला आणि सार्गासो समुद्रापाशी पोचला. जपानी ईलची अंडी तर थेट २००९ साली, पश्चिम प्रशांत महासागरात मारियाना डोंगररांगेजवळ हाती लागली. आपल्या हिंदी महासागरातल्या ईलची लहान पिल्लं सुमात्राच्या पश्चिमेला मिळाली आहेत. म्हणजे औजचा अहीर बंगालच्या उपसागराकडे निघाला होता आणि त्यापुढेही त्याची वाट बरीच होती.

आता संख्येकडे. मासा मोजताना आपण बाजार बघतो: किती किलो आला, केवढा आला. चिलापीला ते चालतं, कारण तिची पिढी काही महिन्यांत तयार होते. अहिराला अजिबात चालत नाही. समजा दर पावसाळ्यात समुद्रातून १०० पिल्लं वर येतात आणि प्रत्येक १५ वर्षं राहून परत जातं. मधले मृत्यू हिशेबापुरते सोडून द्या. नदीत कायम १,५०० अहीर. एके वर्षी खाली कुठेतरी धरण झालं आणि येणं बंद पडलं. पाच वर्षांनी नदीत १,००० उरतात, पण सगळे पाच वर्षांवरचे, म्हणजे अंगाने भरलेले. बाजारात किलो जवळजवळ तेवढेच दिसतात, उलट नग मोठे म्हणून लोक खूश. दहा वर्षांनी ५००, एकेक मनगटाएवढा. पंधराव्या वर्षी काही नाही. नदी संपत आलेली असते ती वर्षं मासेमाराला बरकतीची वाटतात.

शाळा टिकणार की नाही हे दहावीच्या वर्गात उंच पोरं किती यावरून ठरत नाही, पहिलीत पट किती यावरून ठरतं. अहिराचंही तसंच. जगात जिथे जिथे हे काम नीट झालं तिथे लोकांनी पहिलीचा पट मोजला आहे. नेदरलँड्समध्ये डेन ओव्हर इथे समुद्राच्या बांधाला दरवाजे आहेत. तिथे १९३८ पासून रात्री छोटं चौकोनी जाळं पाण्यात सोडून वर उचलतात आणि काचेसारखी पिल्लं मोजतात. यंत्र नाही, काही नाही. जागा तीच, जाळं तेच, हंगाम तोच, हीच त्याची किंमत. अशा नोंदी एकत्र केल्यावर दिसलं की १९८० नंतर युरोपात येणारी पिल्लं कोसळली. १९६० ते १९७९ ची सरासरी १०० धरली तर उत्तर समुद्राच्या काठी ती १ च्या आसपास आली आणि उरलेल्या युरोपात १० च्या आगेमागे. २०११ नंतर घसरण थांबल्यासारखी दिसते, पण वर आलेली नाही. बाजारात मोठे ईल मात्र त्या सगळ्या काळात येतच होते.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण कॅनडाचं. सेंट लॉरेन्स नदीवर कॉर्नवॉल गावाजवळ मोझेस-सॉन्डर्स नावाचं मोठं वीजधरण आहे. तिथे ईलसाठी ओल्या उताराची शिडी बांधली आणि चढणारा प्रत्येक मासा मोजायला सुरुवात केली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षात दहा लाखांच्या घरात चढत होते. १९९० चं दशक संपेतो आकडा काही हजारांवर आला. पण वरच्या ऑन्टारिओ सरोवरात मासेमारी चालूच होती, कारण तिथे आधी चढलेले म्हातारे ईल शिल्लक होते. तिथली ईलची मासेमारी सरकारने बंद केली ती २००४ साली. शिडीवरचा आकडा आधीपासून ओरडून सांगत होता, बाजाराने तो वर्षानुवर्षं ऐकला नाही.

सोलापूरला हे कसं लागू होतं? समुद्रातून आपल्याकडे यायचं तर कृष्णेच्या मुखातून. आधी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. मग नागार्जुनसागर, १९६७ पासून उभं, सुमारे १२४ मीटर उंच. मग १९८० च्या दशकात भरलेलं श्रीशैलम, १४५ मीटर. मग जुराळा. मग रायचूरच्या बाजूला भीमेचा संगम, तिथून वर कर्नाटकातला सोन्नचा बंधारा, आणि मग कुठे आपली हद्द. अंदाजे हजार किलोमीटर. बोटभर लांबीच्या आतली पिल्लं ओल्या, खरखरीत भिंतीला पोट चिकटवून सरळ वर चढू शकतात, छोट्या बंधाऱ्यावर हे पाहायला मिळतं. शंभर मीटरच्या कोरड्या सिमेंटवर ते चालत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण गावोगाव मला ‘बंधाऱ्यांनी मासा अडवला’ हे ऐकायला मिळतं. औज, चिंचपूर यांसारखे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे अहिराचे मोठे शत्रू नाहीत. पावसाळ्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतात, पाणी खांबांमधून मोकळं जातं, मासाही जातो. प्रश्न येतो तो बर्गे घालण्याच्या वेळेचा. अहीर उतरतो पावसाळ्याच्या शेवटच्या लोटात. पाणी अडवायची घाई म्हणून शेवटचा पूर ओसरायच्या आत बर्गे बसवले, तर निघालेला मासा वर अडकतो. २०२० साली तर ऑक्टोबरच्या मध्यात भीमेला महापूर आला होता. कॅलेंडर बघून बर्गे घालणाऱ्यांना तेव्हा पाण्यानेच उत्तर दिलं.

उजनीचं मात्र वेगळं आहे. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि भीमेचे वरचे दोर तुटले. पुण्याकडच्या मुळा-मुठेच्या जुन्या माशांच्या याद्यांत अहीर आहे. म्हणजे एके काळी तो टेंभुर्णी, भिगवण मागे टाकून थेट पुण्यापर्यंत जात होता.

मग तुमचा पावणेचार फुटी आला कुठून? इथे मी एका जुन्या अनुभवाचा आधार घेतो. टाकळीच्या बाजूला एका शेतकऱ्याची विहीर उपसताना गाळात एक अहीर निघाला होता. मी आणि माझा एक सहकारी गेलो. विहिरीच्या काठावर लोकांनी राखेत हात बुडवून तो धरला, नाहीतर तो बुळबुळीत मासा हातात राहत नाही. मालक म्हणाला, पोरगा शाळेत जायच्या आधीपासून हा आत आहे. मासा मेल्यावर डोक्यातले दोन्ही कानाचे खडे काढले. मोहरीपेक्षा थोडे मोठे, पांढुरके, अर्धपारदर्शक. एक खडा काचपट्टीवर चिकटवून बारीक पॉलिश पेपरवर पाणी टाकत घासला, मध्यापर्यंत आला की सूक्ष्मदर्शकाखाली धरला. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतात. पण आपल्याकडे बर्फाळ हिवाळा नाही, त्यामुळे वलय पुसट पडतं, आणि भर उन्हाळ्यात विहीर आटली की एक खोटं वलय मध्येच उमटतं. माझी मोजणी १९ आली, सहकाऱ्याची २३. आम्ही वहीत ‘वीसच्या आसपास’ लिहिलं. दोघांनाही खात्री एवढीच होती की हा मासा कालपरवाचा नाही.

ईल अडकला की वाट पाहत बसतो. स्वीडनमधल्या ब्रांतेविक गावच्या विहिरीत १८५९ साली सोडलेला ईल २०१४ पर्यंत जगला असं तिथले लोक सांगतात. ते पूर्ण खरं धरायची गरज नाही. पण दोन-तीन दशकं गोड्या पाण्यात काढणं या माशाला अवघड नाही. त्यामुळे एखादा मोठा अहीर दिसणं म्हणजे फार पूर्वी कधीतरी एक पिल्लू वर आलं होतं, एवढाच पुरावा. गेल्या पाच वर्षांत काय झालं, याबद्दल तो मासा काहीच बोलत नाही.

मोठा मासा दिसण्याला आणखी एक कारण आहे. पिल्लू नर होणार की मादी हे बऱ्याच अंशी गर्दीवर ठरतं. दाटीवाटीत नर जास्त, मोकळ्या पाण्यात माद्या. नर लहानच राहतात आणि लवकर परततात, माद्या थांबतात आणि वाढतात. नदीच्या वरच्या अंगाला, जिथे तुरळक मासा पोचतो, तिथे जवळजवळ सगळ्या माद्याच. तेव्हा तुम्ही धरलेली बहुतेक मादीच होती, आणि अशा एकीच्या पोटात समुद्रात पोचेपर्यंत अंडी लाखांनी तयार होतात. हे तुम्हाला हिणवायला सांगत नाही. जाळ्यात आलेलं कोणीही घरी नेलं असतं.

मग कोणी विचारेल, आम्ही मोठे अहीर सोडायला लागलो तर आमची नदी भरेल का? प्रामाणिक उत्तर: थेट नाही. युरोपच्या ईलबद्दल हे चांगलं तपासलेलं आहे की नॉर्वेपासून मोरोक्कोपर्यंतचे सगळे मासे एकाच समुद्रात, एकमेकांत मिसळून अंडी घालतात. नॉर्वेच्या मादीचं पिल्लू स्पेनच्या नदीत शिरतं. आईच्या नदीला परतण्याचा हट्ट सामन माशाचा, ईलचा नाही. म्हणजे तुम्ही सोडलेल्या मादीची पिल्लं गोदावरीत जातील, ब्रह्मदेशात जातील, जिकडे प्रवाह नेईल तिकडे. हा सार्वजनिक विहिरीसारखा मामला आहे: ओतणारा एक, शेंदणारे शंभर. यामुळेच युरोपातली घसरण नेमकी कशाने झाली यावर अजून भांडणं चालतात. धरणांवरच्या वीजयंत्रांची पाती, मासेमारी, प्रदूषण, समुद्राचे बदललेले प्रवाह, आणि १९८० च्या सुमारास पूर्व आशियातून आलेला, पोहायच्या फुग्यात घर करणारा एक जंत, सगळ्यांकडे बोट दाखवता येतं. शेवटी युरोपीय संघाने २००७ साली नियम केला की माणसाचा हात लागला नसता तर जेवढे मोठे ईल समुद्रात गेले असते, त्यातले निदान ४० टक्के तरी प्रत्येक नदीखोऱ्यातून गेले पाहिजेत. कारण कुठलंही असो, हिशेब ‘किती परत गेले’ याचा ठेवा. मला हा सरकारी शहाणपणाचा दुर्मीळ नमुना वाटतो.

आता तुमचं बी. विकत घेऊ नका. रोहू-कटल्याची बोटुकली जशी इंजेक्शन देऊन हॅचरीत तयार होते, तशी अहिराची होत नाही. जपान्यांनी १९७३ साली प्रयोगशाळेत ईलची अंडी उबवली. त्या पिल्लांना काय खायला घालावं हे कळायलाच पुढे कित्येक वर्षं गेली, शार्कच्या अंड्यांची पेस्ट द्यावी लागली. अंड्यातून अंडं असं पूर्ण चक्र २०१० साली जमलं, तेही बाजारभावात परवडेल असं नाही. जगातल्या ईलच्या शेतीचा सगळा डोलारा समुद्रातून पकडलेल्या पिल्लांवर उभा आहे. त्या पिल्लांना इतका भाव आहे की युरोपातून विमानाने बॅगांत भरून त्यांची चोरटी निर्यात चालते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही, ठेच खाल्ली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून एका संस्थेने माझ्या सल्ल्याने ‘अहिराचं बी’ घेतलं होतं. प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून आलं, बोटभर लांब, वळवळणारं. मी घाईत होतो, भिंगातून पाहिलं नाही. तळ्यात सोडलं. आठ महिन्यांनी जाळं ओढलं तर पाठीवर काटे, मांसल नाक. सगळी वाम. व्यापाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता, आणि संस्थेचे लोक मला अजून ‘वामवाले साहेब’ म्हणतात.

करण्यासारखं काय आहे, तर तुमच्या हातात एक वही. अहीर मिळाला की तारीख, जागा, लांबी, वजन, पोट भरलेलं की रिकामं, पाणी चढतं की उतरतं, एवढं लिहा. डोळ्याची रुंदी आडवी आणि उभी पट्टीने मोजा. डोळा मोठा आणि पोट रिकामं असेल तर तो जाणारा. वीतभर लांबीचा किंवा त्याहून लहान अहीर मिळाला तर ती खरी बातमी, मला रात्री बारालाही फोन करा. तसलं पिल्लू बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडा आणि जाणारा मोठा खालच्या अंगाला. उलट झालं तर दोघांचंही नुकसान. काहीच मिळालं नाही तरी ‘जाळं लावलं, अहीर नाही’ ही ओळ लिहायची, आणि ती सोडायचा मोह फार होतो. शून्य लिहिल्याशिवाय पट तयार होत नाही. बर्ग्यांचं म्हणाल तर पाटबंधाऱ्याच्या माणसाशी भांडण्यापेक्षा, शेवटच्या लोटाच्या दोन-तीन काळोख्या रात्री एक गाळा मोकळा ठेवायला सांगा. तेवढं पाणी जाऊन शहर तहानेलं राहत नाही.

आणि हो, चिरताना हात नीट धुवा, त्या हाताने डोळे चोळू नका. अहिराचं कच्चं रक्त विषारी असतं. शिजलं की ते विष मरतं, त्यामुळे पोटात गेलेल्या रश्श्याची काळजी करू नका.

डोकं शेजारच्या दुकानाच्या फ्रीजमध्ये ठेवलंय म्हणालात ना, ते टाकू नका. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात घालू नका, खडा खराब होतो. जाड पिशवीत बांधून गोठवलेलंच राहू द्या. बुधवारी मी मंद्रूपला येणार आहे, पॉलिश पेपर आणि काचपट्ट्या घेऊन येतो. वलयं तुम्ही मोजा, मीही मोजतो, आणि या वेळी दोघांचे आकडे वेगळे आले तर दोन्ही वहीत लिहू.